जर्मन नाताळातील बदामी बिस्किटे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाताळच्या आधीचे चार आठवडे, म्हणजे आडव्हेंटचा काळ सुरू झाला की दक्षिण जर्मनीत घरोघरी ओव्हन तापू लागतात आणि जिन्यातूनच दालचिनीचा वास येतो. श्टुटगार्टजवळच्या एका गावात राहायला आल्यापासून मीही दर वर्षी ही बिस्किटे करते. ती मी शेजारच्या आजींच्या स्वयंपाकघरात, त्यांच्या ओट्याशी उभी राहून शिकले. पुण्या-मुंबईच्या मैत्रिणी आणि जर्मनीत नव्याने आलेली मराठी मंडळी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे सविस्तर दिली आहेत.

ही बिस्किटे नेमकी कोणती?

नाताळच्या छोट्या बिस्किटांना जर्मनीत सर्वसाधारणपणे ‘प्लेट्सशेन’ म्हणतात. आमच्या श्वाबेन भागात मात्र ‘गुट्स्ले’ हा शब्द ऐकू येतो. त्यांचे प्रकार पुष्कळ आहेत, पण बदामाचा विषय निघाला की तीन नावे आधी घ्यावी लागतात. ‘त्सिम्टश्टेर्ने’ म्हणजे दालचिनीचे तारे, ही श्वाबेनची खासियत. ‘व्हॅनिलेकिप्फेर्ल’ म्हणजे व्हॅनिलाच्या साखरेत घोळवलेल्या चंद्रकोरी. त्यांचे माहेर ऑस्ट्रिया असले तरी बव्हेरियापासून वरपर्यंत सगळ्यांनी त्यांना आपलेसे केले आहे. ‘बेटमेन्शेन’ ही फ्रँकफर्टची, मार्झिपानच्या (म्हणजे बदामाची पूड आणि साखर यांच्या मऊ लगद्याच्या) गोळीवर तीन अर्धे बदाम लावलेली बिस्किटे.

या तिन्हींची निवड करण्याचे आणखी एक कारण आहे. ताऱ्यांना फक्त अंड्याचा पांढरा बलक लागतो आणि चंद्रकोरींना फक्त पिवळा. बेटमेन्शेनमध्ये पांढरा बलक आत जातो आणि पिवळा वरून लावतात. चार अंडी फोडली की तिन्ही प्रकार होतात आणि एक पिवळा बलक तेवढा उरतो. जुन्या गृहिणींनी ही सांगड किती विचाराने घातली असेल, याचे मला दर वर्षी नव्याने कौतुक वाटते.

नाताळातच इतके बदाम का वापरतात?

कारण एके काळी ते फार महाग होते. बदाम, साखर आणि दालचिनी हे तिन्ही पदार्थ आल्प्सपलीकडून व्यापाऱ्यांच्या मार्गाने येत, आणि मध्ययुगात मार्झिपान तर औषधविक्रेत्यांच्या दुकानात मिळत असे. सामान्य घरात अशा वस्तू वर्षातून एकदाच, सर्वांत मोठ्या सणाला आणल्या जात.

हे चित्र साखरेमुळे बदलले. आंद्रेआस मार्ग्राफ या बर्लिनच्या रसायनशास्त्रज्ञाने १७४७ मध्ये बीटच्या कंदात उसासारखीच साखर असते हे दाखवून दिले, आणि त्याचा शिष्य फ्रान्त्स कार्ल आखार्ड याने एकोणिसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला सायलेशियात बीटच्या साखरेचा पहिला कारखाना उभारला. पुढे साखर स्वस्त झाली आणि श्रीमंतांच्या टेबलावरचा हा खाऊ साध्या घरांतही होऊ लागला. व्हॅनिलाच्या बाबतीतही असेच घडले : १८७४ मध्ये व्हिल्हेल्म हार्मान आणि फेर्डिनांड टीमान यांनी व्हॅनिलिन, म्हणजे व्हॅनिलाला तिचा वास देणारे द्रव्य, प्रयोगशाळेत तयार केले आणि होल्त्समिंडेन या गावी त्याचे उत्पादन सुरू झाले.

बदाम जर्मनीत अजिबात होत नाहीत, असे मात्र नाही. फाल्त्स या द्राक्षमळ्यांच्या प्रदेशात बदामाची झाडे आहेत आणि गिमेल्डिंगेन गावात दर वर्षी वसंताच्या सुरुवातीला त्यांच्या गुलाबी बहराचा उत्सव होतो. बिस्किटांसाठी लागणारे बदाम मात्र आज बहुतांशी कॅलिफोर्निया आणि भूमध्य समुद्राकाठच्या देशांतून येतात.

बदाम सालीसकट घ्यावेत की सोलून?

ताऱ्यांसाठी सालीसकट, बाकी दोन्हींसाठी सोललेले. ताऱ्यांना जो तपकिरी रंग आणि किंचित तुरट, खमंग चव येते ती सालीची असते. सोललेल्या बदामांचे तारे फिकट आणि नुसतेच गोड लागतात. चंद्रकोरी आणि बेटमेन्शेन यांना उलट पांढरी, मऊ पूड हवी असते.

सोलण्यासाठी बदाम उकळत्या पाण्यात दोन मिनिटे ठेवून लगेच गार पाण्यात टाकावेत आणि दोन बोटांत दाबावेत; साल आपोआप निसटते. त्यानंतर ते स्वच्छ पंचावर पसरून रात्रभर पूर्ण कोरडे होऊ द्यावेत. ही पायरी घाईत उरकू नये, कारण ओलसर बदामांची पूड होत नाही, लगदा होतो.

पूड घरी केली तर तेल सुटते. काय करावे?

बदाम तासभर फ्रीजरमध्ये ठेवावेत, मिक्सरच्या छोट्या भांड्यात थोडे थोडे घ्यावेत, प्रत्येक वेळी पाककृतीतल्या पिठीसाखरेतला एक चमचा त्यात घालावा आणि मिक्सर थांबत थांबत फिरवावा. साखर सुटणारे तेल धरून ठेवते. पूड मैद्याइतकी बारीक करण्याचा आग्रह धरू नये. बारीक रव्यासारखी झाली की पुरे. मामरा बदाम मुळातच तेलकट असल्यामुळे या कामासाठी साधे बदाम अधिक सोयीचे पडतात. दळण्यापूर्वी एकेक बदाम चाखून पाहावा, असे शेजारच्या आजी नेहमी सांगतात. एखादाही खवट निघाला तर सगळ्या घाण्याला वास लागतो.

दालचिनीच्या ताऱ्यांची कृती काय?

साधारण चाळीस ताऱ्यांसाठी तीन अंड्यांचा पांढरा बलक, २५० ग्रॅम चाळलेली पिठीसाखर, ३५० ग्रॅम सालीसकट दळलेले बदाम, दोन छोटे चमचे दालचिनीची पूड आणि एक छोटा चमचा लिंबाचा रस घ्यावा. पांढऱ्या बलकात पिवळ्याचा अंशही जाऊ देऊ नये आणि भांड्याला तुपातेलाचा ओशटपणा नसावा, नाहीतर बलक फुगत नाही. तो लिंबाच्या रसासह फेटून घट्ट झाला की साखर चमच्या-चमच्याने घालत फेटत राहावे. मिश्रणाला चमक आली आणि फेटणी उचलल्यावर टोक उभे राहिले की थांबावे.

आता यातले पाच मोठे चमचे मिश्रण वाटीत काढून झाकून ठेवावे. ताऱ्यांवरचा पांढरा थर याचाच होतो. नवशिक्यांची सर्वांत मोठी चूक येथे होते : उत्साहात सगळ्यात बदाम मिसळले जातात आणि वर लावायला काही उरत नाही. उरलेल्या मिश्रणात बदामाची पूड आणि दालचिनी हलक्या हाताने मिसळून गोळा करावा आणि झाकून तासभर फ्रीजमध्ये ठेवावा.

लाटताना दोन बटर पेपरच्या मध्ये गोळा ठेवून एक सेंटिमीटर जाडीची पोळी लाटावी. जाडी कमी करू नये. तारा आतून मऊ राहायचा असेल तर ती हवीच. ताऱ्याचा साचा प्रत्येक वेळी गार पाण्यात बुडवून, झटकून मगच दाबावा. आजी साचा उचलून तो तळहातावर आडवा धरतात आणि करंगळीने ताऱ्याची पाचही टोके एकेक करून हळूच सोडवतात, मग तारा अखंड खाली उतरतो. वाटीतले मिश्रण छोट्या सुरीने मधोमध ठेवून टोकांकडे ओढत न्यावे. ट्रेवर तारे मांडून १४० ते १५० अंश सेल्सिअसवर बारा ते पंधरा मिनिटे ठेवावेत. वरचा थर शुभ्र आणि हाताला कोरडा लागला पाहिजे, खालचा भाग मात्र दाबल्यावर किंचित मऊ असला पाहिजे. गार झाल्यावर तो आपोआप घट्ट होतो.

पीठ फारच चिकटते. थोडा मैदा घातला तर चालेल का?

चालणार नाही, आणि हे मी कळकळीने सांगते. पहिल्या वर्षी पोळी साच्याला चिकटू लागल्यावर मी हाताला आलेल्या सवयीने मैदा भुरभुरवला, मग आणखी थोडा मळला. तारे सुरेख कापले गेले, पण दुसऱ्या दिवशी ते दाताने तुटेनात, आणि दालचिनीच्या जागी कच्च्या पिठाची चव आली. साडेतीनशे ग्रॅम बदाम वाया गेल्याची हळहळ मला अजून वाटते.

आपल्या कणकेत पाणी पडले की चिवटपणा तयार होतो आणि तोच गोळा बांधून ठेवतो. बदामाच्या पुडीत तसे काही नसते. येथे गोळा बांधणारा घटक फक्त अंड्याचा बलक आणि त्यात विरघळलेली साखर, आणि ती दोन्ही मुळातच चिकट असतात. चिकटपणा हा या पिठाचा दोष नव्हे, स्वभाव आहे. उपाय म्हणून गोळा आणखी थंड करावा, बटर पेपर बदलावा, साचा पाण्यात बुडवावा, आणि फारच सैल वाटले तर दोन चमचे बदामाचीच पूड घालावी. जर्मनीच्या अन्नविषयक मार्गदर्शक तत्त्वांनुसारही ‘त्सिम्टश्टेर्ने’ या नावाने विकल्या जाणाऱ्या बिस्किटांच्या पिठात निदान २५ टक्के बदाम असावे लागतात आणि मैदा १० टक्क्यांच्या वर चालत नाही. घरच्या कृतीत तर तो मुळीच नसतो.

वरचा पांढरा थर तपकिरी होतो. तो शुभ्र कसा ठेवावा?

हे तारे भाजायचे नसतात, वाळवायचे असतात, हे लक्षात घेतले की अर्धे काम होते. ओटीजी असेल तर फक्त खालची दांडी चालू ठेवावी आणि ट्रे सर्वांत खालच्या खाचेत सरकवावा. पंख्याचा ओव्हन असेल तर तापमान वीस अंशांनी कमी करावे. त्यातूनही वर रंग चढू लागला तर दुसरा रिकामा ट्रे वरच्या खाचेत सरकवून आडोसा करावा.

दालचिनी कोणती वापरावी? ती अपायकारक असते असे ऐकले आहे.

बाजारात दोन वेगळ्या झाडांच्या साली दालचिनी म्हणून मिळतात. कॅशिया ही जाड, कठीण, एकाच पदराची आणि झणझणीत असते. खरी किंवा सिलोन दालचिनी पातळ, अनेक पदरांची, बोटांनी चुरता येईल अशी असते आणि तिचा वास सौम्य गोड असतो. कॅशियामध्ये कुमारिन नावाचे द्रव्य बऱ्याच प्रमाणात असते आणि ते जास्त प्रमाणात पोटात गेल्यास संवेदनशील माणसांच्या यकृताला त्रास होऊ शकतो. सिलोन दालचिनीत ते नगण्य असते.

जर्मनीच्या जोखीम मूल्यमापन संस्थेने २००६ मध्ये या दालचिनीच्या ताऱ्यांकडेच लक्ष वेधले होते. शरीराच्या दर किलो वजनामागे रोज ०.१ मिलिग्रॅम कुमारिन आयुष्यभर निर्धोक मानले जाते. युरोपीय संघाने सणासुदीच्या दालचिनीयुक्त बेकरी पदार्थांसाठी किलोमागे ५० मिलिग्रॅमची कमाल मर्यादा घातली आहे. त्या मर्यादेला टेकलेली ३० ग्रॅम बिस्किटे खाल्ली तरी पंधरा किलो वजनाच्या मुलाचा दिवसाचा वाटा पूर्ण होतो. सणाचे चार दिवस कोणी घाबरून जाण्याचे कारण नाही, पण घरात लहान मुले असतील तर सिलोन दालचिनीच घ्यावी. महाराष्ट्रातल्या वाचकांना तिच्यासाठी दूर जावे लागत नाही : दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने विकसित केलेली ‘कोकण तेज’ ही जात याच खऱ्या दालचिनीची आहे आणि कोकणातल्या नारळ-सुपारीच्या बागांत तिची लागवड होते.

व्हॅनिलाच्या चंद्रकोरी कशा करतात, आणि त्या मोडतात का?

आपली नानकटाई ज्यांना जमते त्यांना या लवकर जमतील. २५० ग्रॅम मैदा, सोललेल्या बदामांची १०० ग्रॅम पूड, ८० ग्रॅम पिठीसाखर, चिमूटभर मीठ, २०० ग्रॅम गार, बिनमिठाचे लोणी आणि दोन पिवळे बलक एवढेच साहित्य लागते. लोण्याचे तुकडे बोटांच्या टोकांनी मैद्यात चोळून रवाळ झाले की बाकीचे घालून भरभर गोळा करावा आणि तासभर गार करावा. फार मळले तर लोणी वितळते आणि बिस्किटे ओव्हनमध्ये पसरतात. छोटी लाटी घेऊन, मध्ये जाड आणि टोकांना निमुळती अशी बोटभर वळी करावी, तिला चंद्रकोरीचा बाक द्यावा आणि १७५ अंशांवर दहा ते बारा मिनिटे भाजावे. टोकांना जेमतेम सोनेरी छटा आली की बाहेर काढावे.

त्या मोडतात, कारण त्या मोडण्याइतक्या खुसखुशीत असायलाच हव्यात. ओव्हनमधून काढल्याबरोबर हात लावला तर हमखास तुकडे होतात, आणि पूर्ण गार होऊ दिल्या तर साखर चिकटत नाही. ट्रेवरच दोन-तीन मिनिटे थांबून, कोमट असताना, पिठीसाखर आणि व्हॅनिलाची साखर यांच्या मिश्रणात हळूच घोळवाव्यात. जर्मनीत व्हॅनिलाच्या साखरेच्या आठ ग्रॅमच्या पुड्या मिळतात. घरी करायची असेल तर व्हॅनिलाची एक शेंग चिरून साखरेच्या बरणीत दोन आठवडे पुरून ठेवावी.

चंद्रकोरीचा आकार १६८३ च्या व्हिएन्नाच्या वेढ्यात तुर्कांवर मिळवलेल्या विजयाची आठवण आहे, अशी कथा सांगतात. कथा लोकप्रिय आहे, परंतु ‘किप्फेर्ल’ हा पाव त्या वेढ्याच्या कितीतरी आधीपासून ऑस्ट्रियात होता.

अंडे न घालता यांतले काही होते का?

चंद्रकोरी होतात. पिवळा बलक न घालण्याची रीत कित्येक ऑस्ट्रियन आणि जर्मन घरांत आहेच. तेव्हा त्यात तडजोड केल्यासारखे वाटण्याचे कारण नाही. लोण्याऐवजी तूप मात्र घालू नये. तुपात पाण्याचा अंश नसल्यामुळे पोत बदलतो आणि हाती उत्तम बदामी नानकटाई येते, चंद्रकोर नव्हे. ताऱ्यांसाठी काबुली चणे शिजवलेले दाटसर पाणी फेटून वापरता येते. त्याचा फेस बलकासारखा होतो, पण तो लवकर बसतो, म्हणून काम झटपट उरकावे लागते.

बेटमेन्शेनवर तीनच बदाम का?

हा माझा आवडता प्रश्न आहे. बेटमान हे फ्रँकफर्टचे जुने सावकार घराणे, आणि ‘बेटमेन्शेन’ म्हणजे ‘छोटे बेटमान’. कथा अशी की, १८३८ च्या सुमारास या घरातल्या फ्रेंच आचाऱ्याने, म्हणजे जाँ जाक गोतनिए याने, सिमोन मोरित्स फॉन बेटमान याच्या कुटुंबासाठी ही बिस्किटे केली आणि मोरित्स, कार्ल, आलेक्सांडर व हाइनरिश या चार मुलांसाठी प्रत्येकावर चार अर्धे बदाम लावले. १८४५ मध्ये हाइनरिश वारला आणि तेव्हापासून चौथा बदाम लावणे बंद झाले.

कथा तारखांच्या कसोटीला पूर्ण उतरत नाही, कारण सिमोन मोरित्स स्वतः १८२६ मध्येच वारला होता. शिवाय मार्झिपान आणि गुलाबपाण्याची ‘ब्रेंटेन’ नावाची बिस्किटे फ्रँकफर्टमध्ये याच्या पुष्कळ आधीपासून होत होती. त्यांची कृती तर एडुआर्ड म्योरिके या श्वाबेनच्या कवीने पद्यातच लिहून ठेवली आहे. तरीही गोळीला तिसरा बदाम लावून हात थांबतो तेव्हा त्या न लावलेल्या चौथ्या बदामाची आठवण मला दर वेळी होते.

कृती सोपी आहे. २५० ग्रॅम कच्चे मार्झिपान किसून त्यात ७५ ग्रॅम पिठीसाखर, ७५ ग्रॅम बदामाची पूड, एक चमचा गुलाबपाणी आणि बेताबेताने पांढरा बलक घालून मऊ गोळा करावा. अक्रोडाएवढ्या गोळ्या वळून प्रत्येकीला तीन अर्धे बदाम, टोके वर येतील असे, बाजूंनी दाबून बसवावेत. पिवळ्या बलकात चमचाभर दूध घालून ते वरून लावावे आणि १६० अंशांवर पंधरा मिनिटे, सोनेरी रंग येईपर्यंत भाजावे.

मार्झिपान भारतात मिळाले नाही तर? गोव्याचे चालेल का?

गोव्यात आणि वसईत नाताळला मार्झिपान होते आणि ते मला अतिशय प्रिय आहे. पण गोव्यात ते बहुधा काजूचे, साखरेच्या पाकात शिजवलेले असते. जर्मन कच्च्या मार्झिपानमध्ये साखर ३५ टक्क्यांहून जास्त चालत नाही, म्हणून ते ओव्हनमध्ये आकार धरून राहते. जास्त साखरेचे मार्झिपान पसरते. घरी करायचे तर सोललेल्या, पूर्ण वाळलेल्या २०० ग्रॅम बदामांची शक्य तितकी बारीक पूड, १०० ग्रॅम पिठीसाखर आणि दोन चमचे गुलाबपाणी एकत्र मळावे व एक दिवस गुंडाळून ठेवावे.

कडू बदाम घालावेत का?

जुन्या कृतींत दोन-तीन कडू बदाम सांगितलेले असतात. कडू बदामांतून पोटात हायड्रोजन सायनाइड तयार होते आणि मुलांना ते थोड्या संख्येनेही घातक ठरू शकतात. ते घरात आणूच नयेत. तो वास हवा असेल तर बाजारात मिळणाऱ्या बदामाच्या अर्काचे दोन थेंब पुरतात.

कधी करावीत आणि कशी ठेवावीत?

पहिला आडव्हेंट रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यान येतो. बहुतेक घरांत त्याच्या आगेमागे पहिला घाणा निघतो. तिन्ही प्रकार पत्र्याच्या डब्यात, प्रत्येक थरामध्ये बटर पेपर घालून ठेवावेत आणि एका डब्यात एकच प्रकार ठेवावा, नाहीतर चंद्रकोरी ताऱ्यांचा ओलावा शोषून मऊ पडतात. तारे आणि चंद्रकोरी तीन-चार आठवडे, बेटमेन्शेन दोन आठवडे उत्तम राहतात. तारे कडक झाले तर डब्यात सफरचंदाची एक फोड एक-दोन दिवस ठेवावी आणि ती रोज बदलावी.

२४ डिसेंबरच्या संध्याकाळी ही बिस्किटे, अक्रोड आणि संत्री ‘बुंटर टेलर’ म्हणजे रंगीबेरंगी ताटलीत मांडतात. शेजाऱ्यांकडेही अशा ताटल्या जातात. मी माझी ताटली दिवाळीच्या फराळाच्या डब्याची परतफेड म्हणून आलेल्या ताटलीतूनच पाठवते, कारण येथेही कोणाचे भांडे रिकामे परत करणे बरे दिसत नाही.

मोडलेल्या बिस्किटांचे काय करावे?

ती टाकू नयेत. आंबट सफरचंदाचा मधला गाभा काढून त्यात हा चुरा, मनुका आणि लोण्याचा एक तुकडा भरावा आणि सफरचंद मऊ होऊन साल तडकेपर्यंत, १८० अंशांवर सुमारे अर्धा तास भाजावे. याला ‘ब्राटआप्फेल’ म्हणतात आणि ते गरमच, वर पातळ व्हॅनिला कस्टर्ड ओतून खातात.